मुरबाड रोड, मुक्काम वसमत

पत्रिका आली तेव्हा मी ती नेहमीसारखीच वाचली. आधी मुलीचं नाव, मग मुहूर्त, मग जेवण किती वाजता ते. हॉस्टेलमध्ये चार वर्षं शेजारच्या कॉटवर झोपलेल्या मैत्रिणीच्या लेकीचं लग्न, म्हणजे न जाऊन चालणार नव्हतं. कार्यालयाचा पत्ता ‘परभणी रोड, वसमत’. पाकिटावर तिच्या त्याच गोलगोल अक्षरात माझा पत्ता, ‘मुरबाड रोड, कल्याण (पश्चिम)’. पत्रिका फ्रिजवर लावली आणि विसरून गेले.

रेल्वेचं तिकीट वेटिंगवर गेलं आणि डोंबिवलीचा माझा भाचा म्हणाला, “मावशी, गाडीनं जाऊ. आमण्याहून समृद्धी धरायची, जालन्याला उतरायचं, पुढे परभणी, वसमत. एकशे वीसनं गाडी मारतो.” त्यानं फोनवर नकाशा काढून माझ्यापुढे धरला. मला नकाशे वाचायची सवय नाही. मी वसमतवर बोट ठेवलं आणि तिथून निघणारी एक रेघ सहज मागे मागे सरकवत नेली, लोकरीच्या गुंड्याचं टोक शोधावं तशी. परभणी. मानवत. पाथरी. माजलगाव. पाथर्डी. नगर. आळेफाटा. रेघ तुटेचना! माळशेज आला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. मुरबाड आलं, शहाडचा पूल आला आणि बोट आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मी ज्या भाजीवाल्याकडून मेथी घेते त्याच्या गाडीपाशी येऊन थांबलं.

“अरे, हा तर आपला मुरबाड रोड!”

“असेल ना,” भाचा म्हणाला. “सगळे रस्ते कुठे ना कुठे जोडलेलेच असतात.”

पण हे तसलं जोडलेलं नव्हतं. हा एकच रस्ता होता. सत्तावीस वर्षं मी त्याच्या एका टोकाशी रिक्षावाल्यांशी भांडत होते, आणि पाचशे किलोमीटरला थोडं कमी अंतरावर त्याच रस्त्याच्या कडेला माझी मैत्रीण नांदत होती. तिनं एका रस्त्यावरून त्याच रस्त्यावर पत्रिका पाठवली होती आणि तिलाही ते माहीत नव्हतं. मी समृद्धीला साफ नकार दिला. सातशे एक किलोमीटरचा तो रस्ता चांगलाच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो माझ्या दारातून जात नाही.

या रस्त्याचं कागदावरचं नाव राष्ट्रीय महामार्ग ६१. पूर्वी तो २२२ होता, कल्याण ते निर्मळ. त्यातले साधारण साडेपाचशे किलोमीटर महाराष्ट्रात आणि उरलेले साठेक तेव्हाच्या आंध्रात. २०१० साली देशभरातले आकडे बदलले तेव्हा याचाही बदलला. आता तो भिवंडीपासून मोजतात आणि तेलंगणात जगित्यालला संपवतात. पण पाट्यांवर, वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या तोंडी त्याचं नाव आहे ‘कल्याण–विशाखापट्टणम’. गंमत अशी की हा आकडा धरून गेलात तर विशाखापट्टणम येतच नाही. दोन राज्यांच्या पलीकडचा समुद्र कुणीतरी पाटीवर लिहून ठेवला आणि आपण सगळ्यांनी तो मान्य केला.

पहाटे पाचला निघालो. मुरबाडपर्यंतचा रस्ता माझ्या ओळखीचा. रायत्याला उल्हास नदी ओलांडली तेव्हा पाण्यावर वाफेचा पातळ पडदा होता. मुरबाड झोपेत होतं. सरळगाव, टोकावडे गेलं आणि फटफटलं. भातखाचरं कापून मोकळी पडलेली, बांधांवर पळस पेटलेले. मार्चचा पहिला आठवडा, पळसाचे ऐन दिवस. माळशेज म्हटलं की सगळे पावसाळ्यातले धबधब्यांचे फोटो दाखवतात. मी म्हणते, एकदा पळस फुललेला असताना या. अंगावर धबधबा घेणाऱ्या पोरांची गर्दी नाही, धुकं नाही, डोंगर उघडाबोडका समोर उभा.

वैशाखरे गाव आलं आणि उजव्या हाताला नानाचा अंगठा दिसला. मी गाडी थांबवायला लावली. तिथून वर जातो तो नाणेघाट. सातवाहनांच्या काळी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याणच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेनं घाट चढायचा, जुन्नरला जायचा आणि तिथून पैठणला. वर खडकात कोरलेल्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे आकडे आहेत. भारतात कोरून ठेवलेल्या सगळ्यांत जुन्या आकड्यांपैकी ते आहेत असं जाणकार सांगतात. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचे पैसे त्यात टाकायचे म्हणे.

“म्हणजे टोलनाका,” भाचा म्हणाला.

“टोलनाका. पण फास्टॅग नव्हता.”

तो हसला, मला मात्र हसू येईना. पेरिप्लस नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन आहे, त्यात कल्याणचं नाव येतं हे शाळेत शिकले होते. पण कल्याणहून निघून देशावर जाणं ही इतकी जुनी सवय आहे, आणि माझ्या गल्लीच्या तोंडचा रस्ता त्याच सवयीचा आजचा अवतार आहे, हे तिथं एका चहाच्या टपरीपाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा अंगात शिरलं. मला कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं. सत्तावीस वर्षं!

मग मोरोशी, भैरवगडाची ती सरळसोट भिंत, आणि घाट सुरू. माळशेजचा कडा अगदी जवळून पाहिला तर त्याला आडवे थर दिसतात, मिठाईवाल्याकडच्या थरांच्या बर्फीसारखे. एक थर टणक, पुढे आलेला, त्याखालचा ठिसूळ, आत गेलेला, पुन्हा टणक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला, त्याचे हे थर. एका वळणावर गाडी बाजूला घेऊन मी त्या खडकाला हात लावला. काळा, खरखरीत, बारीक भोकांचा, रात्रीच्या गारव्यानं अजून थंड. काही भोकांत पांढरे खडे अडकलेले, भाजलेल्या फुटाण्यासारखे. भाचा दरड कोसळेल म्हणून हाका मारत होता. त्याचं चुकत नव्हतं. या घाटात दरडी कोसळतात आणि पावसाळ्यात रस्ता कधीकधी बंद पडतो. मी हात लावला, कपाळाला लावला आणि गाडीत येऊन बसले. या दगडाशी माझी संध्याकाळी पुन्हा गाठ पडायची होती, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

घाटमाथ्यावर पोचलं की बऱ्याच जणांचा प्रवास संपतो. ते भजी खाऊन परततात. आमचा तिथं सुरू झाला. माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस उल्हासेच्या खोऱ्यात उतरतो आणि आमच्या कल्याणच्या खाडीवाटे पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. पलीकडे, पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूला पडलेला पाऊस कुकडीच्या खोऱ्यात जातो. कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. दोन थेंब, मध्ये हातभर कातळ, आणि समुद्र दोन. पाटीवरचं ‘विशाखापट्टणम’ खोटं म्हणणाऱ्या मला इथं जरा माघार घ्यावी लागली. रस्ता पूर्वेच्या समुद्राला पोचत नाही, पण त्याच्या कडेचं पाणी पोचतं.

आता भाकरीबद्दल. खाली मुरबाडला भाकरी तांदळाची, पांढरी, जरा चिवट. ओतूर, आळेफाटा आलं की भाकरी बाजरीची होते, करडी-हिरवट, कडेला भेगाळलेली. आणि संध्याकाळी माजलगावात ताटात पडली ती ज्वारीची. एका दिवसात, एका रस्त्यावर तीन भाकऱ्या! सह्याद्रीचा पाऊस जसा पूर्वेला विरत जातो तशी ही भाकरी बदलत जाते. भूगोलाच्या बाईंनी पर्जन्यछायेचा प्रदेश अशी व्याख्या आमच्याकडून दहा वेळा लिहून घेतली होती. त्याऐवजी तीन भाकऱ्या पुढ्यात ठेवल्या असत्या तर जन्मात विसरले नसते.

आळेफाट्याला, जिथं पुणे–नाशिक रस्ता आडवा येतो तिथं, साडेदहाला आम्ही मासवडी खाल्ली. नाश्ता म्हणावा की जेवण, देव जाणे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मासवडीत मासा नसतो. बेसन घोटून, कापडावर पातळ थापून त्यावर तीळ-खोबरं-कांदा-लसणाचं सारण पसरतात, वळकटी करतात आणि तिरप्या वड्या कापतात. ती वडी दिसते माशाच्या तुकडीसारखी. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा, इतका जाळ की भाच्याचं टोलपुराण बंद पडलं. ताट वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, “कुठं निघाले?” वसमत म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “ते कुठं आलं?” मी म्हटलं, “याच रस्त्यावर.” त्या बाहेर बघून म्हणाल्या, “ह्यो तर नगर रोड.”

इथून मला या रस्त्याचा खरा छंद लागला. मुरबाडपर्यंत तो मुरबाड रोड. आळेफाट्याला नगर रोड. नगरात शिरताना दुकानांच्या पाट्या वाचल्या, तर तिथं तो कल्याण रोड! सीनेच्या पुलापाशी ‘कल्याण रोड’ अशी पाटी बघून मला माहेरचं कुणी भेटावं तसं झालं. नगरच्या दुसऱ्या अंगानं बाहेर पडलं की तोच पाथर्डी रोड. म्हणजे हा रस्ता जिथं असतो तिथलं नाव घेत नाही, पुढच्या गावाचं घेतो. आणि प्रत्येक गावाला त्याचा आपल्यापुरता तुकडा ठाऊक. अख्खा रस्ता कुणाचाच नाही. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आठवली, पण इथं आंधळी मीसुद्धा होतेच की.

आळेफाट्याच्या पुढेच आळे गाव. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथं आहे. पैठणहून परतताना तो रेडा भावंडांबरोबर चालत आला आणि इथं त्यानं देह ठेवला, असं सांगतात. समाधीपाशी उभी असताना मनात आलं, पैठणहून इथं यायची ती वाट नाणेघाटाकडे जाणारीच ना? श्रद्धेचं श्रद्धेपाशी, पण रेड्यालाही तोच रस्ता लागला.

बेल्हे मागे टाकलं आणि आणे घाटात भाच्यानं मला चकित केलं. मासवडीनं त्याचा सूर पालटला होता. फोनवर काहीतरी बघून त्यानं गुळुंचवाडीपाशी गाडी उभी केली आणि म्हणाला, “उतर मावशी, खाली पूल आहे.” मी म्हटलं, पुलाचं काय एवढं? खाली गेलो. ओढ्यानं शेकडो, हजारो वर्षं घासून कातळाला आरपार भोक पाडलंय आणि वर दगडाची एकसंध कमान राहिली आहे. ना चुना, ना सिमेंट, ना कुणा मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन. जवळच मळगंगेचं देऊळ. ओढा कोरडा होता, कमानीखाली सावली आणि गारवा, आणि एक म्हातारबाबा पागोटं उशाशी घेऊन डाराडूर झोपलेले. वर, दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर ट्रक घरघरत घाट चढत होते. माझ्या अंदाजानं त्या ट्रकवाल्यांपैकी निम्म्यांना तरी खाली हे आहे याचा पत्ता नसणार. आम्ही चपला वाजू न देता परत वर आलो.

आण्याचं पठार पाण्यावाचून तहानलेलं. रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी प्रसिद्ध आहे ती याच गावची; आम्ही आडदिवशी गेल्यामुळे हुकली. टाकळी ढोकेश्वरला डोंगराच्या पोटातलं लेणं पाहायला भर बारा वाजता पायऱ्या चढलो. आत महादेव, सप्तमातृका आणि भरपूर वटवाघळं. तिथली सावली अशी मिळाली की उठवेना. भाळवणी, मग नगर. नगरला फार थांबलो नाही. भुईकोट किल्ला, जिथं नेहरूंनी १९४२ नंतरच्या कैदेत आपलं भारताच्या शोधाचं पुस्तक लिहिलं, तो यादीत ठेवला. पुढे शहा डोंगरावर अष्टकोनी मनोरा दिसतो, त्याला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. सलाबतखानाची कबर आहे. पण या रस्त्यावर नावांचं असंच आहे हे मला एव्हाना कळलं होतं.

करंजी घाट उतरलो. माळशेजच्या मानानं हा पोरका, छोटा घाट, पण गर्भगिरीच्या या रांगेला नाथपंथात मोठा मान. घाट उतरल्यावर पाणी गोदावरीच्या वाटेला लागतं. आणि घाट उतरल्यावर आमचं चाकही बसलं.

खड्डा असा काही मोठा नव्हता, पण कड धारदार होती. एका बाजूला नवं काँक्रीट, दुसऱ्या बाजूला जुनं डांबर, मध्ये वीतभर पायरी. स्टेपनी काढली तर तीही दमलेली. शेवटी अर्धा किलोमीटर ढकलत-खुरडत एका पंक्चरच्या टपरीपर्यंत नेली. टपरीवर जुने टायर रचून केलेला ओटा, वर बाभळीची सावली, पाण्याच्या पिंपात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा पन्नाशीचा माणूस. बुडबुडा दिसला की तो त्याला नखानं खूण करायचा, दातात धरलेली काडी न काढता.

“कल्यानहून आले व्हय?” नंबरप्लेट बघून तो म्हणाला. “मग सरळच आले.”

सबंध दिवसात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी एकदम ओट्यावरच बसले. विचारलं, तुम्ही गेलाय का कल्याणला? तो म्हणाला, पाच वर्षं ट्रकवर क्लीनर होतो, कांदा घेऊन जायचो वाशीला, याच विशाखापट्टणमनं. हो, तो रस्त्याला नुसतं ‘विशाखापट्टणम’च म्हणत होता. ‘विशाखापट्टणमला अॅक्सिडेंट झाला’, ‘विशाखापट्टणमवर रास्ता रोको हाये’. त्याच्या आधी ऊसतोडीला जायचा. दिवाळी झाली की पाथर्डी, शिरूर, गेवराईकडची गावंच्या गावं रिकामी होतात. कोयते, भांडी, लेकरं, शेळ्या ट्रॅक्टरवर लादून माणसं साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. “आता लागतील यायला,” तो म्हणाला, “मढीच्या यात्रेला निम्मे येत्यातच.” कानिफनाथांची मढी तिथून जवळ. होळीपासून तिथं भटक्या जमातींची यात्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एका टेम्पोतून चार गाढवं शहाण्यासारखी उभी राहून गेली. कोकणातून आलेल्या माझ्या डोळ्यांना ते दृश्य नवं, त्याला नाही.

मी रस्त्याच्या त्या पायरीबद्दल कुरकुर केली. तो म्हणाला, “ठेकेदार पळाला.” पुढे माजलगावात हॉटेलवाल्यानं तशाच एका तुकड्याबद्दल सांगितलं, “गुत्तेदार गायबय.” आमच्याकडे कंत्राटदार काम अर्धवट टाकतो. तीन शब्द, काम तेच. पण गुत्तेदार ऐकला तेव्हा कळलं की खरवंडीच्या पुढे कुठेतरी आपण निजामाच्या जुन्या मुलखात शिरलो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ती हद्द होती. आज तिथं साधी रेघही दिसत नाही, भाषेत मात्र ती लख्ख उमटते. नगरला ‘काय चाललंय’ होतं, माजलगावला शेजारच्या टेबलावरचा गडी फोनवर सांगत होता, “पाहुणे जेवायलेत, थांब जरा.” जेवायलेत! मी ते क्रियापद पुढच्या तीस किलोमीटरमध्ये घोळवत राहिले. भाचा गाडी चालवायला, मावशी बडबडायली.

आणि मग तो दगड भेटला.

गेवराईच्या पट्ट्यातून माजलगावकडे येताना डोंगर कधी संपले ते कळलंच नाही. नुसतं आभाळ वाढत गेलं. दोन्ही बाजूंना सपाट रान, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या, ज्वारी काढून रचलेल्या कडब्याच्या गंज्या, आणि जिथं नांगरट झाली होती तिथं माती: काळी, पार काळी, ढेकळं टरबुजाएवढी, उन्हानं तडे गेलेली. एका तड्यात मी पायाची बोटं घालून पाहिली, गेली. मातीचं ढेकूळ हातात चुरलं तेव्हा सकाळचा कडा आठवला. तोच हा काळा पत्थर. घाटात अंगावर येतो, छाती दडपवतो. तोच इथं झिजून, कुजून, मऊ होऊन कापूस आणि ज्वारी पिकवतो. डोंगर आणि मैदान अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी आजवर समजत होते. एका रस्त्यानं सकाळी मला डोंगर दाखवला आणि संध्याकाळी त्याचीच चुरलेली मूठ हातावर ठेवली. मी भाच्याला हे घाईघाईत समजावून सांगायला लागले, तर तो म्हणाला, “मावशी, हात पुस, सीट खराब होईल.”

ढालेगावला गोदावरी आली. सूर्य मावळायला पाच-दहा मिनिटं उरलेली. बंधाऱ्यात अडवलेलं पाणी तांब्याच्या परातीसारखं. पुलावर गाड्या थांबवू नयेत हे मला कळतं. म्हणून पूल ओलांडून गाडी लावली आणि चालत मागे आलो. भाच्यानं न सांगता खिशातून रुपया काढून पाण्यात टाकला. मी हात जोडले. सकाळी उल्हास, मग कुकडीचं खोरं, दुपारी सीना, आता गोदा. खाली एक बाई घागर घासत होती आणि तिचा मुलगा रेड्याच्या पाठीवर बसून त्याला पाण्याबाहेर यायला विनवत होता. रेडा काही बोलला नाही. मला उगीच वाटून गेलं, बोलेल.

पुढचं सगळं अंधारात. पाथरी, जे साईबाबांचं जन्मगाव असल्याचा दावा आहे आणि त्यावरून २०२० साली शिर्डीकरांशी चांगलीच जुंपली होती. कापसाच्या बाजाराचं मानवत. आणि मग दिव्यांची परभणी. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण जर्मनीच्या आधी परभणी पाहीन असं वाटलं नव्हतं, म्हणजे वाटायलाच हवं होतं. इथल्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘परभणी मोती’ ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. मी मात्र खिडकीतून फक्त दुकानांच्या पाट्या वाचत होते आणि ती पाटी दिसली. मेडिकलवर, टायरच्या दुकानावर, शिकवणीच्या क्लासवर: ‘वसमत रोड, परभणी’. आमचाच तो. मुरबाड रोड, नगर रोड, कल्याण रोड, पाथर्डी रोड, माजलगाव रोड, वसमत रोड. मी ओळीनं नावं म्हणू लागले, भाचा त्यात मागून सूर मिसळू लागला.

राहाटीला पूर्णेवरचा पूल अंधारात नुसता धडधडला. वसमत कधी येणार हे मग नाकानं सांगितलं. काचा खाली होत्या आणि एका क्षणी वारा बदलला. मातीचा, धुराचा आणि त्यात काहीतरी उग्र, ओलसर, औषधी. हळद शिजत होती. हा हंगामच तिचा. शेतातून काढलेली हळद मोठ्या कुकरात वाफवतात, उन्हात वाळवतात, ढोलात घालून घासतात, मग ती मोंढ्यावर येते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. शेडमध्ये दिव्याखाली वाफेचा लोट, आणि त्यातून ये-जा करणारी पिवळ्या हातापायांची माणसं. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद याच रस्त्यानं माझ्यापर्यंत आली असेल का? आली असेल. नसेलही आली. मला त्या क्षणी शंका नव्हती.

कार्यालयात पोचलो तर घरची हळद चालू. मैत्रिणीनं तशाच माखलेल्या हातांनी मिठी मारली, माझी नवी साडी दोन्ही खांद्यांवर पिवळी. तिच्या सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कल्याण लई लांब. कसं आलाव बाई?”

“घरातून निघालो, रस्त्याला लागलो आणि सरळ आलो.”

“आन् फाटे?”

“एकबी नाही घेतला,” भाचा मध्येच म्हणाला. त्यानं हे मराठी कधी उचललं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या, भाच्याला मी दुपारनंतर शोधत होते. तो कार्यालयाच्या फाटकाशी उभा होता, शर्टवर हळदीचे डाग, हातात फोन. परभणीकडे पाठ आणि तोंड पूर्वेला, जिकडून एक ट्रक धूळ उडवत येत होता तिकडे.

“मावशी, पुढे भोकर आहे,” तो म्हणाला. “मग हद्द. मग निर्मळ. आपण नुसतं भोकरपर्यंत जाऊन येऊ या? बघून.”

माझी बॅग मी सकाळीच डिकीत ठेवली होती.